तलाव, टेकडी आणि सफारीचं गेट: गावाच्या पर्यटनात सरकार कुठे लागतं आणि जमिनीचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिमूर तालुक्यातलं, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला (गाभ्याभोवतीच्या पट्ट्याला) लागून असलेलं गाव. सफारीचं गेट सहा किलोमीटरवर, गावाला मामा (माजी मालगुजारी) तलाव, टेकडीवर जुनं मंदिर. ग्रामपंचायतीला पर्यटनासाठी निधी हवा आहे, गावातल्या चार तरुणांना होमस्टे काढायचे आहेत, आणि बाहेरचे दोन-तीन जण रिसॉर्टसाठी जमीन विचारत फिरत आहेत. कोणत्या खात्याकडे आधी जायचं आणि ग्रामपंचायतीच्या हातात नेमकं काय आहे?

आधी पटवाऱ्याकडे (तलाठ्याकडे) जा. कागदोपत्री तो आता ग्राम महसूल अधिकारी झाला आहे, पण काम तेच. पर्यटन, वन, जिल्हा परिषद ही खाती नंतर.

असं सांगण्याचं कारण आहे. गावोगावी हे काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी कुणीतरी निधीचा शब्द देतं. मग शाखा अभियंता स्वागत कमान, पेव्हर ब्लॉक, दोन गझिबो आणि शौचालय असं अंदाजपत्रक करतो. जागेचा शोध त्यानंतर. रस्त्याकडेला जी मोकळी दिसते ती जागा ठरते, आणि विदर्भात रस्त्याकडेची मोकळी जागा बहुतेक वेळा झुडपी जंगल, गुरचरण किंवा तलावाच्या बुडिताची निघते. जोतं वर आलं की वनरक्षक काम थांबवतो, मार्च येतो, पैसे परत जातात, आणि गावात चर्चा राहते की वन खात्याने विकास अडवला. वन खात्याने काही वेगळं केलेलं नसतं. नोंद पहिल्या दिवसापासून सातबाऱ्यावर होती, कुणी वाचली नव्हती.

गावाचा एक तक्ता

ग्रामपंचायतीने स्वतःच्या पैशाने करायचं पहिलं काम म्हणजे एक तक्ता. गावाचा नकाशा घ्या आणि पर्यटनाशी ज्याचा संबंध येऊ शकतो असा प्रत्येक गट नंबर उतरवा: तलाव, पाळ (तलावाचा बांध), मंदिराची टेकडी, तिथे जाणारी पांदण, आखर (गुरं जमवायची जागा), गावठाणाच्या कडेची मोकळी जागा, गेटच्या रस्त्यालगतची शेतं. प्रत्येक नंबरासमोर सहा रकाने: क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, मालकी, सातबाऱ्याच्या इतर हक्कातली नोंद, निस्तार पत्रकातली (गावकऱ्यांच्या सामाईक हक्कांच्या कागदातली) नोंद, आज प्रत्यक्ष काय चाललं आहे, आणि वापर बदलायचा तर परवानगी कुणाची.

हे भरायला सातबारा एकटा पुरत नाही. गाव नमुना १-अ म्हणजे वनजमिनींची नोंदवही, १-ब म्हणजे सरकारी बिनभोगवट्याच्या जमिनी, १-क म्हणजे अटीशर्तींच्या, वर्ग-२ च्या जमिनी, १-ई म्हणजे अतिक्रमणं. चारही नमुन्यांचे उतारे मागा. जुना अधिकार अभिलेख काढा, कारण संगणकीकरणात काही गटांच्या 'झुडपी जंगल' किंवा 'मोठे झाडांचे जंगल' या नोंदी गळाल्या आहेत, काही ठिकाणी नुसतं 'सरकार' उरलं आहे. 'सरकार' लिहिलं म्हणजे जागा मोकळी, असं समजू नका.

आणि निस्तार पत्रक. पुण्या-मुंबईकडच्या सल्लागारांना हे सहसा ठाऊक नसतं, कारण तिकडे ते नाही. १९५१ मध्ये मालगुजारी (इथली जमीनदारी) गेली तेव्हा गावकऱ्यांचे चराईचे, जळाऊ लाकडाचे, आखराचे, मातीचे, पाण्याचे हक्क लिहून ठेवले गेले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये निस्तार पत्रकाची कलम १६१ पासूनची आणि वाजिब-उल-अर्जची (गावच्या रूढींच्या नोंदीची) कलम १६५ ची तरतूद खास विदर्भासाठी आहे. ग्रामपंचायत ज्या जागेवर वाहनतळ करायला निघाली ती आखराची निघाली, तर ढोरं घेऊन लोक त्याच जागेवर उभे राहतील, आणि कागद त्यांच्या बाजूने असेल.

जागा ठरली की उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करा. वनहद्द लागून असेल तर वन खात्यासह संयुक्त मोजणी मागा आणि हद्दीचे दगड त्याच दिवशी रोवून घ्या. पटवाऱ्याने बोटाने दाखवलेली धुऱ्याची (बांधाची) रेघ आणि मोजणीची रेघ यांत दहा-पंधरा मीटरचा फरक सहज निघतो. शौचालय वनहद्दीच्या आत जायला तेवढं पुरतं.

झुडपी जंगल

याला जरा वेळ देतो, कारण पूर्व विदर्भातल्या निम्म्या भानगडी इथे आहेत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन या नावाने नोंदलेली आहे. बरीचशी महसूल खात्याच्या ताब्यात राहिली. तिच्यावर शाळा, दवाखाने, स्मशानभूमी, घरं, कार्यालयं उभी राहिली, आणि ही वनजमीन की नाही हा वाद काही दशकं चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: झुडपी जंगल हे वनच. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने बिगरवन कामासाठी दिलेल्या जमिनींचा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवून त्या वनाच्या यादीतून वगळून घ्यायच्या आहेत. त्या तारखेनंतर दिलेल्या जमिनींचं प्रत्येक प्रकरण कारणांसह तपासलं जाणार. तीन हेक्टरपेक्षा लहान, वनाला न लागलेले तुकडेसुद्धा संरक्षित वन म्हणून घोषित करायचे आहेत. खाजगी संस्थेला ही जमीन देता येणार नाही.

तुमच्या कामापुरता याचा अर्थ: १९९६ पूर्वीचं समाजमंदिर झुडपीवर असेल तर त्याचा वाटपाचा आदेश शोधून तहसीलदारांकडे द्या, म्हणजे ते प्रस्तावात जाईल. नवीन माहिती केंद्र, तंबू, उपाहारगृह झुडपीवर योजू नका. 'नंतर नियमित करून घेऊ' हा सल्ला जो देईल त्याच्याकडून तो लेखी मागा.

वनहक्क कायद्याचाही इथे चुकीचा आधार घेतला जातो. २००६ च्या कायद्यातलं कलम ३(२) गावासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ झाडांच्या मर्यादेत, ग्रामसभेच्या शिफारशीने वळती करू देतं. पण कशासाठी, ती १३ कामांची यादी कायद्यातच आहे: शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, पिण्याचं पाणी, लहान तलाव, समाजकेंद्र वगैरे. पर्यटन निवास त्यात नाही. समाजकेंद्र म्हणून मंजूर करून घेऊन त्यात खोल्या भाड्याने देणं हे पहिल्या तक्रारीत उघडं पडतं.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांची गोष्ट वेगळी. तिथे वनाच्या व्यवस्थापनाचा आराखडा ग्रामसभेचा असतो. पायवाट, पक्षीनिरीक्षण, मार्गदर्शक यांचं नियोजन त्यात बसवता येतं, पक्कं बांधकाम नाही. गडचिरोलीत आणि मेळघाटात पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदाही लागू आहे. चंद्रपूरमध्ये अनुसूचित क्षेत्र राजुरा-कोरपना-जिवती भागात आहे, चिमूरला नाही. त्यामुळे पेसाच्या ग्रामसभेचे अधिकार गृहीत धरून ठराव लिहू नका.

गुरचरणाबद्दल थोडक्यात: जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २२-अ मुळे ती दुसऱ्या वापराला द्यायला मोठी बंदी आहे. दुसरी सरकारी जमीनच नाही आणि प्रकल्प शासनाचा आहे, अशाच स्थितीत अपवाद होतो. ठराव करून ती होमस्टेवाल्यांना भाड्याने देणं ग्रामपंचायतीच्या अधिकारात नाही. ती तिथे फक्त सांभाळणारी आहे.

तलावावर नाव चालवायची तर

मामा तलाव कुणाचा, हा पहिला प्रश्न. १०० हेक्टरपर्यंत सिंचन असलेले तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे, त्यावरचे राज्य शासनाकडे. मासेमारीचा ठेका बहुधा ढिवर समाजाच्या सहकारी संस्थेकडे असतो आणि पाण्यावर पहिला हक्क खालच्या धानाचा. म्हणून बोटिंगच्या प्रस्तावाला तीन कागद लागतात: पाटबंधारे विभागाचं ना हरकत, मत्स्य संस्थेशी लेखी करार, ग्रामसभेचा ठराव. संस्थेचा करार शेवटी करायला गेलात तर जाळी कापल्यावरून भांडण ठरलेलं. आधी गेलात तर त्याच संस्थेचे लोक नावाडी होतात, आणि तलाव त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नसतो.

त्याहून मोठी चूक पाण्याच्या हिशोबाची. पाहणी ऑक्टोबरमध्ये होते, तलाव काठोकाठ भरलेला असतो, अभियंता काठावर काँक्रीटचा धक्का आखतो. धानाला शेवटचं पाणी सुटलं की पातळी उतरते. उन्हाळी धान असेल तर आणखी. सफारीची खरी गर्दी एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा तो धक्का चिखलापासून शंभर फूट लांब उभा असतो. किमान दोन वर्षांच्या मे महिन्याची पातळी पाटबंधारे विभागाकडून घ्या किंवा गावातल्या म्हाताऱ्यांना पाळीवर नेऊन विचारा. मेमध्ये पाणी टिकत नसेल तर बोटिंग विसरा. तोच पैसा पाळीवरच्या सावलीत, बाकांत आणि हिवाळ्यातल्या पक्षीनिरीक्षणात घाला. पाणी टिकत असेल तर तरंगता धक्का, माणशी एक जीवरक्षक जाकीट आणि काठावर एक पोहणारा. पाळीवर फुलझाडांसाठी खड्डे खणू नका, मोठी झाडं तर नाहीच. मुळांनी पाळीत वाट केली की गळती सुरू होते.

मंदिर आणि टेकडी

इथे दोन गोष्टी तपासा. मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेलं असेल तर भोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीचे. मार्कंडा, लोणार, गाविलगड अशा ठिकाणी हे अंतरच सगळ्या आराखड्याचा आकार ठरवतं. संरक्षित नसेल तर ट्रस्ट आहे का ते बघा. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची जमीन विकायला किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. टेकडी वनात असेल तर पायऱ्यासुद्धा वन खात्याच्या आराखड्यातूनच. चिखलदऱ्याचा काचेचा स्कायवॉक सिडकोसारख्या नियोजन प्राधिकरणाचा असूनही वन व वन्यजीव परवानग्यांत अडकून पडला होता, तेव्हा ग्रामपंचायतीने पायऱ्यांचा आदेश गृहीत धरू नये.

वाघाच्या बाजूचे नियम

लोक कोअर (गाभा), बफर आणि इको-सेन्सिटिव्ह झोन एकत्र करतात. हे तीन वेगळे थर आहेत. ताडोबा-अंधारीचं कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर सुमारे ११०१. कोअरमध्ये पर्यटनाला जास्तीत जास्त २० टक्के क्षेत्र, हे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, सातबारा आहे. तिथली खाजगी जमीन वन होत नाही, पण जमिनीच्या निसर्गाला न पेलणाऱ्या वापराला आळा घालणारं वन्यजीव कायद्याचं कलम ३८-ओ व्याघ्र प्रकल्प आणि त्यांना जोडणारे भ्रमणमार्ग यांना लागू आहे.

तिसरा थर, इको-सेन्सिटिव्ह झोन, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा. ताडोबाच्या झोनची अधिसूचना २०१९ ची आहे. अशा अधिसूचनांचा साचा ठरलेला असतो: संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत, किंवा झोन त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंत, नवीन व्यापारी हॉटेल-रिसॉर्टला बंदी. निसर्ग पर्यटनाच्या लहान तात्पुरत्या रचनेला मुभा. त्यापलीकडे पर्यटन आराखड्यानुसार. यातला कळीचा शब्द 'सीमा' हा आहे. कुणाच्या सीमेपासून एक किलोमीटर, ते अधिसूचनेच्या नकाशावर आणि गावांच्या यादीवर बघा. दलाल नेहमी त्यांना सोयीची सीमा सांगतात. उपसंचालक (बफर) यांच्या कार्यालयाकडून गट नंबर लिहून अभिप्राय मागा. तोंडी 'चालतं' याला किंमत नाही.

वन संवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि मंजूर कार्य आयोजनेत किंवा व्यवस्थापन आराखड्यात असलेल्या निसर्ग पर्यटन सुविधा 'वनेतर काम' मानल्या जात नाहीत. ही सवलत वन खात्याच्या स्वतःच्या सुविधांना उपयोगी आहे. म्हणून वनजमिनीवर काही हवं असेल, म्हणजे निरीक्षण मचाण, पायवाट, तिकीटघर, तर ग्रामपंचायतीने स्वतंत्र प्रस्ताव करण्यापेक्षा ग्राम परिस्थितिकीय विकास समितीमार्फत वन परिक्षेत्र अधिकाऱ्याकडे मागणी नोंदवून ती आराखड्यात घालून घ्यावी. बफरचे मार्गदर्शक, जिप्सीची पाळी, प्रवेश शुल्कातला वाटा हे सगळं याच समितीच्या वाटेने येतं. आगरझरीला फुलपाखरू उद्यान आणि साहसी खेळ याच पद्धतीने उभे राहिले. समितीच्या बैठका कागदावरच होत असतील तर आधी ती जिवंत करा.

चार तरुणांचे होमस्टे

गावठाणातल्या घरात दोन खोल्या काढणं सगळ्यात सोपं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली गावठाणातली बांधकाम परवानगी, मग पर्यटन संचालनालयाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयात नोंदणी, अन्न परवाना, आणि परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवणं (ज्याला सी-फॉर्म म्हणत). स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका झाली असेल तर बँक पटकन ऐकते.

शेतात करायचं तर दोन वाटा. पहिली कृषी पर्यटन धोरणाची, शासन निर्णय २८ सप्टेंबर २०२०. किमान एक एकर शेती असलेला शेतकरी नोंदणी करू शकतो, शाळेच्या सहली घ्यायच्या तर पाच एकर. नोंदणी शुल्क २,५०० रुपये आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचे १,००० रुपये. आपल्याकडे शेत हेक्टर-आरमध्ये असतं, तर ४० आर म्हणजे साधारण एक एकर. शेती चालू असली पाहिजे. पडीक रानात स्विमिंग पूल खणून त्याला कृषी पर्यटन म्हणणारे पाहणीत अडकतात.

दुसरी वाट अकृषिक परवानगीची. तिची आतापर्यंतची पद्धत अशी: जमीन महसूल अधिनियमाचं कलम ४४, नगररचना विभागाचा अभिप्राय, मंजूर नकाशा, रूपांतर कर. निर्णय ९० दिवसांत झाला नाही तर मानीव परवानगीची (ती मिळाली असं धरण्याची) तरतूद आहे, पण अर्ज पूर्ण असेल तरच दिवस मोजले जातात. आणि मानीव परवानगी असली तरी इको-सेन्सिटिव्ह झोनची बंदी तिने उठत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत निवासी वापराला कलम ४२-ड ची वेगळी वाट आहे. प्रादेशिक योजना लागू असेल त्या भागात डिसेंबर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागते. अकृषिकचे नियम अलीकडे वारंवार बदलत आणि सैल होत आहेत. अर्जाच्या दिवशी काय लागू आहे ते तहसीलमधून लेखी घ्या.

एक गैरसमज खोल रुजलेला आहे: ग्रामपंचायतीने घर नमुना ८ ला (कर आकारणीच्या नोंदवहीला) लावलं, कर घेतला, म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं. नाही. कर आकारणी ही आकारणी आहे. विनापरवाना अकृषिक वापराला कलम ४५ खाली दंड होतो, बांधकाम पाडायचा आदेशही होतो.

मालकीण महिला असेल तर महिलांसाठीच्या २०२३ च्या 'आई' पर्यटन धोरणातून १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परत मिळतं, एकूण साडेचार लाखांपर्यंत किंवा सात वर्षं. त्यासाठी व्यवसाय तिच्या नावावर असला पाहिजे. आणि हिशोब करताना वर्ष बारा महिन्यांचं धरू नका. कोअर जुलै ते सप्टेंबर बंद, एरवीही मंगळवारी बंद. खोल्या वर्षातले नव्वद-शंभर दिवस भरतील असं समजून हप्ता बसतो का ते बघा. नसेल तर चारऐवजी दोन खोल्या.

रिसॉर्टवाले आणि जमीन

ग्रामपंचायतीला खाजगी विक्री थांबवण्याचा अधिकार नाही. पण गावातल्या खातेदारांना एका सभेत काही गोष्टी सांगता येतात.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला द्यायला कलम ३६-अ: पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, त्यापुढे काहीही असेल तर राज्य शासनाची पूर्वमान्यताही. हे अनुसूचित क्षेत्रापुरतं नाही, सगळीकडे लागू आहे. इसारपत्र, मुखत्यारपत्र, 'ताबा' पावती यांनी ते टळत नाही.

वर्ग-२ ची, सीलिंगची जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. भूदानाची जमीन विदर्भात १९५३ च्या मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायद्याखालची आहे आणि ती विकायची नसतेच. सातबाऱ्यावर 'भूदान' दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा.

घेणारा शेतकरी नसेल तर? इथे बाहेरचे वकील कलम ६३ सांगतात. तो पश्चिम महाराष्ट्राचा कुळकायदा. आपल्याकडे विदर्भाचा १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यातलं कलम ८९ लागतं. करारात चुकीचा कायदा लिहिलेला दिसला तर समजा की मसुदा कुठल्या तरी दुसऱ्या व्यवहारातून उचलला आहे.

विकण्याऐवजी भाडेपट्टा हा पर्याय मांडा, पण एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर नोंदणीकृत, आणि दर तीन वर्षांनी वाढ लिहिलेली. सरकार रिसॉर्टसाठी जमीन संपादित करून देईल अशी भीती काही जण घालतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पर्यटन प्रकल्प सार्वजनिक हेतूत येतो, पण खाजगी हॉटेलं स्पष्ट शब्दांत वगळली आहेत.

ग्रामपंचायतीचा जोर कशावर? ग्रामसभेचा आधीच केलेला ठराव, ज्यात गाव काय मान्य करतं ते मोजमापात लिहिलेलं आहे: विहिरी-बोअरमधलं अंतर, सांडपाणी नाल्यात नाही, पांदण अडवायची नाही, दहानंतर ध्वनिक्षेपक नाही, दिवे खाली तोंड केलेले, कुंपण वन्यप्राण्यांची वाट सोडून. जिल्हाधिकारी कार्यालय अभिप्राय मागतं तेव्हा हा ठराव जोडायचा. नुसता 'विरोध आहे' असा ठराव फायलीत मागे पडतो, मोजमापाचा ठराव अटींमध्ये उतरतो. दिव्यांचं उदाहरण पेंच व्याघ्र प्रकल्पाचं द्या. तिथे वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर पथदिवे बदलून खाली तोंडाचे केले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं काळोखं आकाश जपणारं ठिकाण) ठरलं. आकाश बघायला लोक येतात, आणि खर्च पथदिव्यांचा.

निधी आणि त्याचं काय बांधायचं

'क' वर्ग पर्यटनस्थळ जिल्हा नियोजन समिती ठरवते, 'ब' वर्ग शासन. गावपातळीला 'क' पासूनच सुरुवात. प्रस्तावात ग्रामसभेचा ठराव, जागेचा सातबारा व मोजणी नकाशा, जागामालक खात्याचं ना हरकत, येणाऱ्या लोकांचा अंदाज आणि देखभालीची हमी. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, उपयोगिता प्रमाणपत्र. पहिल्या कामाचं उपयोगिता प्रमाणपत्र रखडलं की दुसरा हप्ता येत नाही, हे इतकं साधं कारण अर्धवट इमारतींमागे असतं.

काय मागावं? कमान शेवटी. वाहनतळ, पाणी, शौचालय, सावली, या क्रमाने.

एका गाडीला उभी राहायला १२-१३ चौरस मीटर, पण वळायच्या जागेसह २५ धरा. ४० गाड्यांना १,००० चौरस मीटर, म्हणजे १० आर. दबलेला मुरूम पुरे. पेव्हर ब्लॉक काळ्या मातीवर दोन पावसाळ्यांत वरखाली होतात, कारण ती माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. घालायचेच असतील तर काळी माती काढून मुरूम भरा, आणि तो खर्च अंदाजपत्रकात आहे का ते बघा.

शौचालयही त्याच मातीत बुडतं. काळ्या चिकण मातीत शोषखड्डा पाणी ओढत नाही, पावसाळ्यात टाकी उलटी भरते. सेप्टिक टाकीच्या पुढे शोषखड्ड्याऐवजी गिट्टी-रेतीचा उथळ वाफा, त्यात कर्दळ. पाण्याचा हिशोब: सुट्टीच्या दिवशी २०० लोक, माणशी १५ लिटर, म्हणजे ३,००० लिटर. ५,००० लिटरची टाकी आणि बोअर नसेल तर शौचालय बांधू नका. बिनपाण्याचं शौचालय तीन महिन्यांत कुलूपबंद होतं, आणि मग पाळ हेच शौचालय होतं.

विजेचं बिल कुणाच्या नावावर, झाडणाऱ्याचे पैसे कुठून, तिकीट कोण फाडणार हे हस्तांतरणाच्या कागदात हवं. वाहनतळाचं शुल्क बचत गटाला, त्यातून सफाई आणि वीज, उरलेलं ग्रामनिधीत: एवढी मांडणी लहान गावात चालते. ठेकेदाराला दिलेलं उपाहारगृह बहुधा पहिल्या पावसाळ्यात बंद पडतं, कारण त्या तीन महिन्यांचं भाडं त्याला परवडत नाही. भाडं हंगामावर ठेवा.

वेळापत्रक असं बसवा. उन्हाळ्यात तक्ता आणि मेची पाणीपातळी. मोजणीचे अर्जही जूनआधीच, कारण पेरणी झाली की बांधीतून साखळी ओढता येत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन ठराव, एक पर्यटनस्थळाचा आणि एक रिसॉर्टच्या अटींचा. गावाच्या विकास आराखड्यातही तेच काम घाला. २ ऑक्टोबरच्या सभेपर्यंत पाटबंधारे, वन आणि मत्स्य संस्थेचे कागद हातात असले पाहिजेत, कारण जिल्हा वार्षिक योजनेचा पुढच्या वर्षीचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात जुळवला जातो. तोपर्यंत फाईल जिल्हा परिषदेत पोचली नाही तर प्रस्ताव आपोआप वर्षभर पुढे जातो.